डाव्या बाजूने पुढे केलेला हात

उत्तर बेटावरच्या टाकानिनीहून दक्षिण बेटावरच्या हॉर्नबीला जायचं तर विमान बरं, दीड तासात ख्राइस्टचर्च, हॉर्नबी तिथलंच उपनगर. आम्ही गाडीने गेलो, कारण माझ्या नवऱ्याला, शिरीषला, वाटेत बोलायचं होतं. एक जपानी बॉक्सर, एकेकाळचा विश्वविजेता, हॉर्नबीच्या एका छोट्या हॉलमध्ये लढणार होता. शिरीष त्याला 'आपले साहेब' म्हणतो.

टाऊपोला जेवलो. पुढे डेझर्ट रोडवर वारा गाडीला ढकलत होता आणि शिरीष सांगत होता : तेविसाव्या वर्षी जिंकलेला पट्टा, सहा वेळा राखलेला, मग डाव्या डोळ्याचा पडदा सरकला, शस्त्रक्रिया झाली, मायदेशात परवाना मिळेना. तेव्हापासून बोलावतील तिथे तो लढतो.

मुक्काम पामर्स्टन नॉर्थला, नणंदेकडे. वैशाली तिथे डोळ्यांच्या वॉर्डात नर्स आहे.

"दादा, घरी बसू दे की त्याला. मार खाऊन दुसरा डोळाही जायचा."

"बरा झालाय डोळा. मुलाखतीत म्हणाला तो."

"हो, आणि तू तपासलास!"

वेलिंग्टनहून सुटणारी फेरीबोट आधी बुक करा, ऐनवेळी गाडीला जागा मिळत नाही. साडेतीन तासांनी पिक्टन. पुढे कैकोऱ्याचा रस्ता समुद्राला खेटून जातो. खडकांवर सील लोळत असतात. वैशालीने दिलेल्या दशम्या आम्ही तिथेच संपवल्या. त्या दुपारी शिरीष इतका आनंदात होता की मीही त्या लढतीची वाट पाहू लागले.

तिसऱ्या दिवशी सकाळी हॉलमध्ये वजन आणि तपासणी होती, बघायला कुणालाही मुभा. डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांत टॉर्च मारला, भिंतीवरचा तक्ता आधी उजव्या डोळ्याने वाचायला लावला, मग तोच डाव्याने. साहेबांनी अडखळत, पण अचूक वाचला. "स्वीट ॲझ," म्हणजे एकदम झकास, म्हणत डॉक्टरांनी सही केली.

साहेब निघाले तेव्हा शिरीषने डावीकडून हात पुढे केला. ते चालत राहिले. शिरीषने हाक मारली तेव्हा अख्खी मान वळवून थांबले, वाकले आणि दोन्ही हातांनी त्याचा हात धरला.

पार्किंगमध्ये मी म्हटलं, "त्यांना दिसत नाहीये, शिरीष. तक्ता पाठ करून म्हटला त्यांनी."

"माहितीये."

"डॉक्टर अजून आत आहेत."

"लढत रद्द होईल गं. त्यांच्याकडे दुसरं आहे काय?"

मी आत गेले नाही. कुणी अडवलं नव्हतं.

संध्याकाळी समोर एक स्थानिक प्लंबर होता, साहेबांपेक्षा बराच तरुण. दुसऱ्या फेरीत त्याला कळलं, आणि मग प्रत्येक ठोसा साहेबांच्या डावीकडून. साहेब पडले नाहीत. पडले असते तर संपलं असतं. पाचव्या फेरीत उजवा डोळाही सुजून मिटला, तेव्हा त्यांच्या माणसाने हार मानत रिंगणात टॉवेल टाकला. लोक ओरडत होते. शिरीष खाली मान घालून बसला होता.

परतताना पामर्स्टन नॉर्थला थांबलो नाही. सरळ घर गाठलं.

आठवड्याने बातमी आली : उजव्या डोळ्यावर शस्त्रक्रिया, दृष्टीची खात्री नाही. बातमीत लिहिलं होतं, तपासणीत काहीच आढळलं नव्हतं.

त्याच दिवशी वैशालीचा फोन आला. "काय रे, तुझ्या साहेबांना लढू कसं दिलं? कुणाच्याच लक्षात आलं नाही?"

शिरीषने फोन माझ्याकडे दिला. "नाही," मी म्हटलं, "कुणाच्याच नाही."