प्लग लावताना प्लेट गार होती का?

शनिवारी दुपारी रूबेनकाकांच्या घरात धूर झाला, तेव्हा ते प्लगच्या शेजारीच खुर्चीवर बसलेले होते. त्यांनी प्लगला हात लावला नाही. खिडकीतून शेजारच्या सुलभावहिनींना हाक मारली. ‘प्लग काढ’ असंही म्हणाले नाहीत. ‘कायतरी जळतंय गो सुलभा,’ एवढंच म्हणाले. वहिनी धावत आल्या, त्यांनी प्लग ओढला आणि पातेलं उचलून अंगणात नेलं. आतल्या कोंबडीच्या कालवणाचा कोळसा झाला होता.

पातेल्याखालची इलेक्ट्रिक प्लेट त्याच आठवड्यात मी दुरुस्त करून दिली होती.

मी इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन. रोह्याच्या एका केमिकल कंपनीतून रिटायर झालो आणि पेणला रामवाडीत रिपेअरिंगचं छोटं दुकान टाकलं. रूबेनकाका आमच्याच कंपनीत स्टोअरला होते, मला बरेच सीनियर. राहायला निडीला. गावातलं शेवटचं ज्यू घर त्यांचं. बाकीची मंडळी केव्हाच इस्रायलला गेली, मुलगी मिरियमही लग्न करून तिकडेच. काकू गेल्यापासून काका एकटे होते. शनिवार मात्र कडक पाळायचे. शुक्रवारी सूर्य मावळला की शनिवारचा मावळेपर्यंत विस्तव पेटवायचा नाही, बटणाला बोट लावायचं नाही, दुसऱ्याला तसं कर म्हणून सरळ सांगायचंही नाही. म्हणून जेवण शुक्रवारीच रांधायचं आणि मंद आचेवर ठेवून द्यायचं.

पूर्वी त्यासाठी स्टोव्ह असायचा. मिरियमला त्याची धास्ती. तिने तिकडून इलेक्ट्रिक प्लेट पाठवली आणि बजावलं, ‘बाबा, एकदा जरी काही जळलं ना, तर गपचूप इकडे यायचं.’ काकांनी लगेच हो म्हटलं. निडी सोडायची वेळ येईल असं त्यांच्या स्वप्नातही नव्हतं, म्हणूनच म्हटलं असणार.

या प्लेटमध्ये तापमान मोजायला वेगळा सेन्सर नाही. तापणारी कॉइलच ते काम करते. तार तापली की तिचा रेझिस्टन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, वाढतो. किती वाढला यावरून आतला कंट्रोलर तापमान ओळखतो आणि वीज कमी-जास्त करतो.

काकांची पहिली तक्रार अगदी उलटी होती. शनिवारी जेवण गार. मी मीटर लावला, तर वायर हलवली की आकडा नाचायचा. कॉइलच्या टोकाचा स्क्रू ढिला होता. तापल्यावर तो जोड आणखी सैल व्हायचा. सैल जोडाचा अडथळा कॉइलच्या अडथळ्यात मिसळतो, कंट्रोलरला वाटतं प्लेट पुरेशी तापली, आणि तो वीज तोडतो. मी टोक घासून स्क्रू आवळला. पुढे रोज सकाळी दुकान उघडलं की प्लेट चालू करायचो, वर पाण्याचं पातेलं आणि पाण्यात थर्मामीटर. दिवसभर पारा जागचा हलायचा नाही.

‘बघा काका, एकदम ओके.’

‘म्हात्रे, तू हात लावलास ना? मग बघायला कशाला पायजे?’

मी प्लेट पिशवीत घालून त्यांच्या हातात दिली.

धूर झाल्याचं सुलभावहिनींनीच दुसऱ्या दिवशी मिरियमला फोन करून कळवलं. त्यांना काळजी वाटली, त्यात त्यांची काही चूक नाही. इकडे प्लेट परत माझ्या टेबलावर आली. पुन्हा मीटर, पुन्हा थर्मामीटर. दुकानात प्लेट शहाण्या मुलीसारखी वागत होती. माझं डोकं चालेना. शेवटी शुक्रवारी तिला पिशवीत घालून मी निडी गाठली आणि काकांना म्हटलं, ‘तुम्ही नेहमी करता तसंच करा. मी नुसता बघतो.’

दुपारभर प्लेट स्वयंपाकघरात चालली. नारळाच्या दुधातलं कालवण त्यावर मस्त रटरटत होतं. उन्हं उतरली तसे काका उठले. कालवण बाजूला ठेवलं, प्लग काढला, तापलेली प्लेट जाड फडक्याने धरून बाहेरच्या खोलीत आणली आणि तिथल्या सॉकेटला लावली.

‘इकडे कशाला आणलीत?’

‘ह्यो इन्व्हर्टरवरचा हाय. रातची लाइट गेली तर प्लेट बंद पडंल. मला उठून काय करता यायचं नाय.’

मी कपाळाला हात लावला. प्लग लावताक्षणी जो रेझिस्टन्स असेल तो गार कॉइलचा, असं धरून कंट्रोलर पुढचं सगळं मोजतो. काका त्याला तापलेली कॉइल देत होते. तो तीच गार समजायचा आणि तिथून वर तापवत न्यायचा. आधी ढिला स्क्रू वीज लवकर तोडायचा, म्हणून हे कधी कळलं नव्हतं. दुकानात मी प्लेट रोज सकाळी लावायचो. ती कायम गारच असायची.

‘काका, सकाळीच ह्या सॉकेटला लावायची, गार असताना. मग जागची हलवायची नाही.’

‘येवढंच?’

‘एवढंच.’

पंख्याखाली प्लेट गार केली आणि सूर्य मावळायच्या आत लावली. मी मुक्कामाला राहिलो. शनिवारी दुपारी दोघं जेवलो. कालवण वाफाळतं होतं. काका लहान मुलासारखे खूश होते.

रविवारी मी मिरियमला फोन केला. सगळं समजावलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

‘प्लेटचं कळलं, म्हात्रेकाका. पण घरात धूर झाला आणि बाबा प्लगशेजारी बसून राहिले. ते तुम्ही कसं दुरुस्त करणार?’

तिची भीती खोटी नव्हती. काकांनीही शब्द दिला होता, तो त्यांनी फिरवला नाही. दिवाळीनंतर ते इस्रायलला गेले. प्लेट माझ्याकडे ठेवून गेले.

परवा त्यांचा फोन आला. मी जेवणाचं विचारलं.

‘गरम असतंय रे. पन हितं सगळेच शनिवार पाळतात. कायतरी जळलं तर हाक मारायला सुलभा नाय.’ आणि हसले.

आमच्या धंद्यात नवीन येणाऱ्याला मी एक सांगतो. वस्तू दुकानात तपासून भागत नाही, जिथे वापरतात तिथे जाऊन बघा. पेणहून कासू, नागोठणं, मग निडी. तिसरं स्टेशन. मी एक शुक्रवार उशिरा गेलो.