आक्काबाईंचा दहावा आणि नागपूरची मॅच

“मग थांबायचं होतं ना! सकाळपर्यंत आईला ठेवता आलं नाही तुला?”

“रातभर ठेवायची व्हती का म्हातारीला? एप्रिलचा महिना हाय, दादा. आन मी फोनवर इचारलं तुला. तू हूं नाय का चूं नाय.”

“म्हणून लगेच उरकलंस?”

“उरकलं? तोंड सांभाळ. थोरला लेक चेंडूमागं गेला म्हणून धाकट्यानं अग्नी दिला. आता दहाव्याला बी चेंडूमागं चाललाय, तर जा. भाऊकीला काय सांगायचं तेवढं शिकवून जा.”

ओट्याशी उभी असलेली मोहिनी बिनफोडणीचं वरण ढवळत राहिली. सुतकाचा आठवा दिवस होता. आठ दिवस नवरा आणि धाकटा दीर नाथा एकाच सतरंजीवर झोपत होते, एकाच डबीतली तंबाखू खात होते, आणि जे बोलायचं ते सोडून बाकी सगळं बोलत होते. आज सावळीरामनं बॅग भरायला काढली आणि दोघांना तोंड फुटलं.

रविवारी सासूबाईंचा दहावा होता, रामकुंडावर. आणि रविवारीच नागपूरला गोदा युनायटेड या फुटबॉल क्लबची लीगमधली शेवटची मॅच होती. बरोबरी झाली तरी क्लब आपल्या श्रेणीत टिकणार होता. हरला तर खालच्या श्रेणीत, आणि खाली गेलो तर पुढच्या वर्षी टीमच उतरवायची नाही, असं मालकांनी सांगून टाकलं होतं. बस उद्या सकाळी सातला सुटायची होती.

सावळीराम आहेर क्लबात नेमकं काय करतात, हे लग्नाकार्यात कुणी विचारलं की मोहिनीची पंचाईत व्हायची. खेळाडू नाहीत, प्रशिक्षक नाहीत. तो किटमामा होता. जर्स्या, मोजे, बूट, पट्ट्या, पाण्याच्या बाटल्या सगळं त्याच्याकडे. कुणाला गळ्याची शिलाई टोचते, कुणाला डावा बूट आधी हातात द्यावा लागतो, हे त्याला पाठ असायचं. स्वतःच्या लेकीची इयत्ता विचारली तर मात्र बोटं मोजायचा.

तरुणपणी सातपूरच्या कारखान्याच्या टीममधून तो चौदा वर्षं डाव्या बाजूला बचावाला खेळला. एकही गोल त्याच्या नावावर नव्हता. कारखान्यानं आधी टीम बंद केली, मग त्याचं खातं. त्यानंतरचं एक वर्ष तो ताटावर खाली मान घालून बसायचा आणि तसाच उठायचा. मग हा क्लब निघाला. तेव्हापासून आठ वर्षं त्यांच्या सिडकोतल्या गॅलरीत निळ्या जर्स्या वाळत होत्या, आणि मोहिनीच्या साड्या आतल्या खोलीत दोरीवर. आक्काबाई पलंगावर बसून मोज्यांच्या जोड्या लावायच्या. त्यांचा जन्म देवळ्याकडच्या कांद्यात गेलेला. आपल्या जाळ्यात चेंडू गेला तर वाईट, दुसऱ्याच्या गेला तर चांगलं, एवढं फुटबॉल त्यांना कळायचं आणि पुरायचं. लेक घरात आला की, “जितली का रं पोरं?”

यंदा लीगमध्ये पोरं जिंकत नव्हती. नोव्हेंबरपासून तीन मॅच जिंकल्या, बाकीच्या कशाबशा बरोबरीत, नाहीतर हरलेल्या. राज्य करंडकात मात्र काय झालं कोण जाणे, एकेक तगडी टीम लोळवत हीच पोरं उपांत्य फेरीत गेली. ती मॅच कोल्हापूरला होती. तो निघाला त्या दिवशी आक्काबाईंचा ताप उतरत नव्हता. डॉक्टर म्हणाले, वय झालंय. मोहिनी म्हणाली, “जाऊ नका.” आक्काबाईच म्हणाल्या, “जाऊ दे त्याला. पोरांचं आडंल.”

आणि मग ती थैली. दोन वर्षांपूर्वी एका पोरानं मध्यंतरात घरचा फोन घेतला, डोळे पुसत मैदानात गेला आणि समोरच्याला लाथ मारून बाहेर आला. तेव्हापासून सावळीरामचा नियम होता. मॅचआधी सगळ्यांनी फोन बंद करून मामाच्या थैलीत टाकायचे. पहिला फोन मामाचा, म्हणजे कुणाला कुरकुरायला जागा नको. थैली मोहिनीनंच शिवली होती, जुन्या पडद्याची. काचा तडकू नयेत म्हणून आतून अस्तर लावून.

कोल्हापूरच्या मॅचच्या त्या शुक्रवारी तिनं नऊ फोन केले. नऊ वेळा बंद. लेक सायली क्लबच्या ऑफिसात फोन लावत होती, तिथं कुणी उचलत नव्हतं. आक्काबाई दाराकडे बघत होत्या. “सावळ्या आला का?” नवव्या फोननंतर मोहिनी म्हणाली, “गाडीत बसलेत. येतायत.” आक्काबाईंनी मान हलवली. पावणेसहाला त्या गेल्या. तिकडे जादा वेळ संपून पेनल्टी चालल्या होत्या. सव्वासहाला त्याचा फोन आला, आणि तिला तोंड उघडू न देता तो म्हणाला, “हरलो गं.”

ती गाडीची गोष्ट तिनं त्याला अजून सांगितली नव्हती.

“माझ्याशिवाय त्यांचं होत नाही,” सावळीराम बॅगेत टॉवेल कोंबत म्हणाला. “बुधवारी मुंबईत काय झालं माहीत आहे? पिवळ्या जर्स्या इथंच विसरले. समोरचेही निळे. सरावाची बनियनं घालून, पाठीवर चिकटपट्टीचे आकडे लावून खेळले. तीन गोल खाल्ले.”

“म्हंजे जर्शी इसरली तर मॅच जाती,” नाथा म्हणाला, “आन लेक इसरला तर चालतंय.”

“काका, पुरे ना,” सायली म्हणाली.

“अहो, तुम्ही जाऊन काय गोल अडवणार आहात?” मोहिनीनं विचारलं.

“तुला नाही कळायचं.”

तिला चांगलं कळत होतं. ज्यानं अग्नी दिला तोच दहाव्याला पिंड देणार. थोरला लेक डोकं भादरून धाकट्याच्या मागं बसणार, आणि देवळ्याहून आलेली सगळी भाऊकी ते बघणार. नागपूर लांब होतं, हेच त्याला हवं होतं.

तेवढ्यात फोन वाजला. त्याचे हात बॅगेत होते, सायलीनं फोन उचलून स्पीकरवर टाकला. क्लबातला शेखर होता. बुधवारपासून किट त्याच्याकडे दिलं होतं.

“मामा, उद्याचं भरतोय. पिवळ्या जर्स्या कुठल्या पेटीत?”

“हिरव्या. झाकणावर खूण आहे. मोजे त्यातच, खाली.”

“सापडले. गोलकीपरचे ग्लोव्हज?”

“दोन जोड्या घे. जुनी जोडी ओली करून द्यायची असते त्याला. सहा नंबरच्या घोट्याला आधी पट्टी, मग मोजा. उलट केलंस तर चिडतो.”

“लिहितोय. अजून?”

सावळीराम सांगत गेला. बाटल्या, सुया, जादा लेस, कॅप्टनची दंडावरची पट्टी. शेखर प्रत्येकाला “हां” म्हणत होता. मग सावळीराम थांबला. काही राहिलं का, ते आठवत उभा राहिला.

“झालं ना मामा एवढंच?”

“एवढंच.”

“मग होतंय की. उगाच काळजी करत होतो. तुम्ही नका दगदग करू. आईंचं नीट करा.”

फोन ठेवला गेला. पाच मिनिटंसुद्धा झाली नव्हती. सायलीनं फोनच्या पडद्याकडे पाहिलं आणि तो पालथा ठेवला. नाथा काहीतरी टोमणा मारणार म्हणून मोहिनीनं त्याच्याकडे डोळे वटारले, पण तो भिंतीकडे बघत होता.

सावळीराम कॉटवर बसला. बॅग मांडीशी घेऊन, जणू एस. टी. यायची आहे. वरण उतू गेलं तेव्हा कुठं मोहिनीच्या लक्षात आलं. तिनं गॅस बंद केला, ओटा पुसला. मागं वळली तेव्हा तो बॅगेतले कपडे एकेक काढून कॉटवर ठेवत होता. क्लबाचा निळा शर्टही काढला, घडी न करता बाजूला टाकला.

“रविवारी मी रामकुंडावर आहे,” तो म्हणाला. “पिंड नाथाच देईल. मी त्याच्या मागं बसणार. वाढा आता.”