अश्विनीची हळद

मंगल तोंडानं फटकळ. रेशनच्या रांगेत दुकानदाराला सगळ्यांदेखत विचारणार, "भाऊ, तुमच्या काट्याला उपास हाये का आज?" वनखात्याच्या माणसाशी भांडून तिनं आपली हिरड्याची झाडं राखली. डिंभे धरणाच्या वर, डोंगरात तिचं घर आणि भाताची चार खाचरं. कुणापुढं मान खाली न घालणारी ही बाई वाकली ती एकाच गोष्टीनं. लेकीच्या हळदीनं.

दोन वर्षांमागं पुण्याची काही पोरं गावात सिनेमा काढायला आली. एक कॅमेरा, एक मोठी छत्री आणि रोज पिठलं-भाकरी, एवढाच थाट. त्यांना गावातलीच पोरगी पाहिजे होती. मंगलची बारावी झालेली लेक अश्विनी पुढं झाली. मंगलनंच हो म्हटलं. वर आपली शेळीही दिली कामाला.

शेवटच्या दिवशी लग्नघराचा देखावा होता. मंगल रानात हिरडा वेचत होती. सांजच्याला घरी येते तर शेजारची सखूबाई दारात.

"मंगल, पोरीला हळद लावली गं त्यांनी. हात कोपरापोतर पिवळं. मी या डोळ्यांनी पाह्यलं."

त्या गावात अंगाला एकदा हळद लागली की पोरगी निम्मी परक्याची. ती सिनेमातली, खोटी, असलं काही कुणी ऐकून घेत नाही.

"आये, मी लावूनच दिली न्हाई," अश्विनी रडत होती. "म्हणलं, मला हळद माझी आई लावंल. मंग त्यांनी गोष्टच बदलली. शेळीला लावली."

"शेळीला हळद लावत्यात व्हय गं कुणी?" मंगलनं तिच्या कानाखाली दिली. शेळी खरंच पिवळीधमक होऊन दावणीला उभी होती. मंगलनं ती ओढ्यावर नेऊन राखेनं घासून काढली. पुरावा स्वतःच्या हातानं धुतला आणि तिला कळलंही नाही.

ठरत आलेली सोयरीक मोडली. ज्यांनी त्या सिनेमाचा तुकडासुद्धा पाहिला नव्हता, ते पारावर बसून सगळा सिनेमा सांगत होते. अश्विनी आळेफाट्याला एका दवाखान्यात कामाला लागली, तिथंच खोली घेऊन राहिली. मायलेकींचं बोलणं तुटलं ते तुटलंच.

यंदा हिरडा वेचणाऱ्या बायकांची बैठक जुन्नरला भरली. भाषणं झाली, जेवणं झाली. बैठक घेणारी रत्ना खिडक्यांना चादरी लावत म्हणाली, "थांबा गं बायांनो. एक पिच्चर मिळालाय, आपल्याच डोंगरातला. कुठल्या थेटरात लागला न्हाई, पण लई गोड हाये."

भिंतीवर मंगलची शेळी आली. मागनं अश्विनी.

सिनेमा तऱ्हेवाईकच. त्यातली पोरगी सगळं काही शेळीला विचारायची. अंगात बदल का होतात, पोरं बघायला लागली की छातीत धडधडतं कशानं, शिकायचं की लग्न करायचं. शेळी तिचं गुणपत्रक खाऊन टाकायची. बायका खो खो हसल्या. मग लग्नघर आलं. बाया हळदीचं ताट घेऊन आल्या. पोरीनं दोन्ही हात हळदीत बुडवले आणि सगळी हळद शेळीला माखली. "हिचं करा आधी. माझं मी सांगंन तवा." आणि हळदीचं बोटही न लागलेल्या कोऱ्या तोंडानं, पिवळी शेळी घेऊन, ती शाळेच्या वाटेनं चालत निघाली.

हॉलमध्ये कुणी हसलं नाही.

गावातनं बैठकीला आलेली सखूबाई शेजारीच बसली होती. मंगल तिच्याकडं वळली. "तू नुसतं हात पाह्यलं व्हतं. तोंड पाह्यलं न्हाई."

"तू तर लेकीचं काहीच पाह्यलं न्हाई, मंगल," सखूबाई हळूच म्हणाली.

मंगल तशीच उठली, आपली पिशवी उचलली आणि आळेफाट्याची एसटी धरली.

दवाखान्याच्या दारात अश्विनी निळा गणवेश घालून उभी. वाळली होती.

"पिच्चर पाह्यला तुझा," मंगल म्हणाली. "हळद शेळीलाच लागली. तू खरं बोलत व्हतीस."

अश्विनीनं विचारलं, "आणि मला लागली असती तर? आली असतीस, आये?"

अख्ख्या तालुक्याला उत्तरं देणारी मंगल. तिला खोटं बोलता आलं असतं. पिशवी मांडीवर घेऊन ती दाराजवळच्या बाकावर बसली, पदर आवळला.

"न्हाई," ती म्हणाली. "न्हाई आले असते. तेच मला येताना गाडीत टोचत व्हतं."

आतून कुणीतरी अश्विनीला हाक मारली.

"माझी ड्युटी सुटायला वेळ हाये. तुझी शेवटची गाडी जाईल."

"जाऊ दे."

अश्विनी आत निघाली. दारात थांबली, मागं न बघता तिनं विचारलं, "शेळी कशी हाये?"

"गाभण हाये," मंगल म्हणाली, आणि इतका वेळ मांडीवर धरलेली पिशवी तिनं बाकावर ठेवली.