खालच्या पट्टीतला दादा

वसंतदादाला मी शेवटचं भेटले ते जामच्या माझ्या घरून सावंगीच्या दवाखान्यात गेले तेव्हा. छातीत पाणी झालेलं, बोलताना धाप लागायची, तरी आवाज तोच... विहिरीच्या तळातून आल्यासारखा. "जामहून एवढ्या उन्हात काऊन आली वं?" तो म्हणाला, आणि शेजारच्या खाटेवरचे आजोबा दचकून उठून बसले. मला हसू आलं. त्याच आठवड्यात वहिनींचा फोन आला.

माझा हा थोरला भाऊ आमच्या भाजीच्या मळ्यात वाढला, पुढे वर्ध्याच्या एका शाळेत कारकून झाला आणि सिंदी मेघेत घर बांधून राहिला. गाण्याचं वेड लहानपणापासूनचं. पण मिसरूड फुटलं तसा गळा जो खाली उतरला, तो कायमचाच. भजनी मंडळ गायचं काळी चारमध्ये, म्हणजे पेटीच्या चढ्या पट्टीत. दादा तिथवर पोचायचा नाही, आणि खालून सूर लावला की बाकीच्यांना हसू आवरायचं नाही. पेटीवाले नामदेवराव म्हणजे त्याचे जिवलग, पण पट्टीच्या बाबतीत महाहट्टी.

"एक डाव तरी पट्टी खाली घे ना बे," दादा म्हणायचा.

"तुयासाठी सगळ्यायचे गळे पाडू का? तू टाळ वाजव."

दादाने टाळ घेतले. दर गुरुवारी जायचा आणि तोंड मिटून वाजवायचा. मला भारी राग यायचा, पण मंडळात माझं ऐकतं कोण!

मग कधीतरी नागपूरच्या जुन्या बाजारातून त्याने एक रेकॉर्ड प्लेअर आणला. त्याच्यासोबत कुण्या शौकिनाने जमवलेल्या जड तबकड्यांचं खोकं आलं. जर्मन ऑपेरा, म्हणजे तिकडचं संगीत नाटक, आणि गाणारे झाडून सगळे खर्जातले. फार जुनी ध्वनिमुद्रणं. आधी नुसती खरखर, मग तिच्यातून तो आवाज वर यायचा. शाळेतल्या इंग्रजीच्या सरांनी पाकिटं वाचून त्याला सांगितलं, या आवाजाला बास म्हणतात, आणि त्या नाटकांत राजा नाहीतर मोठा पुजारी असाच गातो.

"पाह्य वं," दादा मला म्हणाला, "तिथं असा गळा राजाले देतेत. अन् मले टाळ." हसत म्हणाला.

तेव्हापासून दुपारी खोलीचं दार लोटून तो त्या राजांबरोबर गायचा. शब्द कळत नव्हते, नुसता आकार लावायचा. मी दाराबाहेर उभी राहून ऐकलंय, भिंतीला हात लावला तर तीही घुमायची. वहिनी मात्र "सुटला रेडा!" म्हणत भांडी आपटायच्या. चार माणसांत त्याला तसं गाताना कोणी कधी ऐकलं नाही.

तेरवीला मंडळ आलं. नामदेवरावांनी पेटी उघडली. मग आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी सूर पार खाली धरला, दादा मागायचा तिथे. सगळ्यांनी भजन उचललं, पण पहिल्याच ओळीत गळे तळाला टेकले, नुसती हवा निघू लागली. एकेक जण गप्प झाला. मला वाटलं, आता पट्टी चढवतील. नामदेवरावांनी चढवली नाही. डोळे गळत होते आणि बोटं चालत होती. बाकीचे एकमेकांकडे बघू लागले, टाळ अडखळले...

तेव्हा भिंतीला टेकून बसलेल्या वहिनी बोलल्या, "थांबू नका जी. त्यायनं जलमभर टाळ असेच तोंड मिटून वाजवले."