फुंग-चेचा आवाज

लो युक-फुंगला आम्ही सगळे फुंग-चे म्हणतो, म्हणजे फुंगताई. इथे हाँगकाँगात ती रेडिओवर वादळाचे इशारे वाचायची. कँटोनीज बोलणाऱ्यांचे कान तपासायला आमच्या दवाखान्याने चाचणी तयार करायला घेतली, तेव्हा वाक्यं वाचायला तिलाच बोलावलं. बाई भलती हट्टी. कँटोनीजमध्ये सूर बदलला की अर्थच बदलतो, म्हणून एका शब्दाचा सूर जरा हलला की सगळं वाक्य पुन्हा वाचायची. त्यात चहाघरातला गोंगाट मिसळून आम्ही ती वाक्यं पेशंटना ऐकवतो, आणि पेशंट ऐकलेलं म्हणून दाखवतात.

आता तिचेच कान गेले. समोर बसलेल्या लेकीचं बोलणंही कळेना. कानात यंत्र बसवायचं ऑपरेशन दवाखान्याच्या खर्चाने होतं, पण चाचणीत नापास झालं तरच. आणि आमच्याकडे चाचणी एकच, हिच्याच आवाजातली!

मी रेकॉर्डिंग लावलं. हिने सगळी वाक्यं घडाघडा म्हणून दाखवली.

"आई, खरंच ऐकू आलं का तुला?" लेक हेइ-मानने तिच्या कानाशी ओरडून विचारलं.

"छे गं. नुसती चाल कळते. पुढचं आपोआप तोंडात येतं."

"मग मुद्दाम चुक ना!"

"माईकसमोर चुकू? मी?"

मग मी स्वतः नवी वाक्यं वाचली. तिला एकही कळलं नाही. दवाखान्याचे साहेब मला म्हणाले, "वान, तुझ्या तोंडी वाचण्याला नियमात किंमत नाही. नवा आवाज, नवी वाक्यं, पुन्हा सगळी पडताळणी... वर्षं जातील." नियम करणाऱ्यांचे कान शाबूत असतात, हेच मोठं दुखणं.

शेवटी लेकीने हातापाया पडून तिला नापास व्हायला तयार केलं. दुसऱ्या तपासणीत फुंग-चे ओठ घट्ट मिटून बसली. एक अक्षर बोलली नाही. काचेपलीकडून मला तिचा जबडा थरथरताना दिसत होता. मला तिची दया आली आणि आमच्या चाचणीची लाज वाटली.

ऑपरेशनचे अर्ज तपासणाऱ्या समितीने दोन्ही निकाल शेजारी शेजारी ठेवले आणि शेरा मारला: बाई ढोंग करते. अर्ज नामंजूर. पुन्हा तपासणी नाही.

बाहेर येऊन मी हेइ-मानला सांगितलं. ती आईच्या गळ्यात पडून ओक्साबोक्शी रडायला लागली. फुंग-चेचा चेहरा एकदम उजळला.

"वेडे, रडतेस काय?" लेकीच्या पाठीवरून हात फिरवत ती म्हणाली. "आता ऐकू येईल ना मला. वान, कधी येऊ रे ऑपरेशनला?"