रंग मरतो

मोरपंखी शालूचा पदर मी खांद्यावर घेतला आणि गिऱ्हाइकाकडं तोंड करून उभी राहिले. समोर गादीवर लग्नघरच्या बायका बसलेल्या. तेवढ्यात मागून हात आला. छोट्या मॅडमचा, म्हणजे आमच्या शेठच्या सुनेचा. त्यांनी पदर माझ्या खांद्यावरून ओढून काढला.

"हिच्या अंगावर नको. रंग मरतो साडीचा. शीतल, तू टाक."

हळू नाय बोलल्या. हसून बोलल्या, गिऱ्हाइकालाही हसायला बोलावल्यासारखं. दोघी-तिघी हसल्या पण. शीतल पुढं आली. गोरी, लांब मानेची. तोच शालू तिच्या खांद्यावर गेला आणि बायका म्हणल्या, "हां, आता दिसतोय."

मी बाजूला झाले. हात कुठं ठेवावेत ते कळंना. म्हणून उलगडून पडलेल्या साड्यांच्या घड्या घालायला लागले.

घरी गेल्यावर नवऱ्याला काही सांगितलं नाय. काय सांगायचं? मालकिणीनं मारलं नाय, शिवी दिली नाय. अंगावरची साडी काढून घेतली, एवढंच. ती पण दुकानाचीच.

मी सोयगावकडची. शाळेत गॅदरिंगच्या नाचात बाईंनी मला शेवटच्या रांगेत घातलं होतं. म्हणल्या, "तुमच्या वस्तीचा रंगच तसला. पुढं उभं करून काय उपयोग?" आमची वस्ती म्हणजे काय, ते बाईंना माहीत होतं, मलाही माहीत होतं. मी मुकाट्यानं मागची रांग धरली. नाचले पण. लग्न होऊन चिकलठाण्याला आले. नवरा कंपनीत ठेकेदाराकडं. कधी काम, कधी ब्रेक. पोरीचं शिक्षण, ती आता नर्सिंगला. म्हणून दुकानातलं काम धरलं.

दुकान एकाच घराचं, तीन मजली. खाली भांडी, मधल्या मजल्यावर रेडीमेड, वर लग्नाच्या साड्या. म्हातारे शेठ गल्ल्यावर, मुलगा खरेदीला, सून सगळ्यांच्या डोक्यावर. मी भांड्यांपासून सुरुवात केली. मग परकर-फॉलचं काउंटर. मग वर. मला कुणी वर चढवलं नाय. बायका येऊन विचारायच्या, "त्या सावळ्या ताई कुठंयत? त्यांच्याकडूनच घ्यायचंय." तेव्हा माझा रंग दुकानाला चालत होता. खूण म्हणून.

वरच्या मजल्याला खिडकी नाय. एक होती, तिच्यावर आरसा बसवलाय. बाहेर ऊन हाय का दिवस मावळला, कळत नाय. सकाळी आल्याबरोबर मोबाईल जमा करायचा. गिऱ्हाईक नसलं तरी बसायचं नाय. लघवीला विचारून जायचं. डोक्यावर कॅमेरा.

शीतल दुसऱ्या दुकानातून आली होती. ती आल्यावर शेठनी दोघींना केबिनमध्ये बोलावलं. म्हणले, "दिवाळीनंतर या मजल्याची इन्चार्ज तुमच्यातलीच एक करायची आहे. कोण, ते तुम्हीच मला दाखवून द्या."

दिवाळी झाली. परत एक झाली. इन्चार्ज कुणीच झालं नाय. पण आम्ही दाखवत राहिलो. तिनं चांगले शालू थप्पीच्या तळाला दडवायचे, मी जिन्यातच तिचं गिऱ्हाईक गाठायचं. मॅडम मला बाजूला घेऊन सांगायच्या, "शीतल म्हणत होती, तू फार गावंढळ बोलतेस." तिला माझ्या नावानं काय सांगत असतील, देव जाणे. डबे आम्ही दोन कोपऱ्यांत खायचो, एकमेकींकडं पाठ करून. दोघी लई राबलो. दुकान जोरात चाललं.

आणि शीतल हे तिचं नाव नव्हतंच. तिचं नाव शाहीन. सकाळी मागच्या जिन्यात बुरखा काढून पिशवीत घालायची, मग बाथरूमच्या आरशात बघून टिकली लावायची. हा मॅडमचा नियम. "लग्नाचं गिऱ्हाईक असतं, शुभ काम असतं. लोकांना कसंतरी वाटतं." संध्याकाळी ती टिकली काढून कपाळ पुसायची. मी हे रोज बघत होते. पण मला एवढंच दिसायचं, की ही बाई माझी जागा खाती.

त्या मोरपंखी शालूनंतर तसा नियमच पडला. साडी मी काढायची, अंगावर तिनं घ्यायची, घडी परत मी घालायची. मनाला म्हणलं, काम तर हाय ना. माणूस स्वतःला किती समजावू शकतो, त्याला काही तळ नसतो.

मग लग्नसराईत एक नवरी आली. जालन्याकडची. सोबत आई आणि मावश्या. पोरगी माझ्याच रंगाची. सगळ्या बायका बोलत होत्या, तेवढी ती बोलत नव्हती. मी साड्या दाखवत गेले. डाळिंबी शालू उघडला तशी तिची नजर त्याच्यावर थांबली. पहिल्यांदा ती पुढं सरकून बसली. मला पण बरं वाटलं. त्या भरात, जुन्या सवयीनं, मी पदर उचलून स्वतःच्या खांद्यावर घेतला.

मॅडम पलीकडून म्हणल्या, "अगं, किती वेळा सांगायचं तुला? तुझ्या अंगावर रंग मरतो. दे शीतलकडं."

शीतलनं घेतला. मावश्या वा वा म्हणल्या. पोरीनं शीतलकडं बघितलं. मग माझ्याकडं. मग शालूवरचा हात काढून मांडीवर ठेवला.

"हा नको."

"का गं? आवडला होता ना?" आई म्हणली.

"माझ्या पण अंगावर मरंल."

कुणी हसलं नाय. आईनं खाली बघितलं. मॅडम घाईघाईनं म्हणल्या, "नाही नाही बेटा, तुझं वेगळं. तुझा तर मेकअप असणार त्या दिवशी."

पोरीनं मान आणखी खाली घातली.

तोवर मला वाटत होतं, हा अपमान माझा एकटीचा हाय. मी गिळला तर संपला. पण तो संपला नव्हता. मी गिळत गेले आणि ते वाक्य दुकानात राहायला आलं. आज ते एका पोरीच्या लग्नाच्या साडीवर जाऊन बसलं. उद्या माझी पोरगी कुठल्या काउंटरसमोर बसंल, तिथं पण हेच वाक्य आधीच येऊन बसलेलं असंल.

मी शीतलच्या खांद्यावरून शालू काढला. पोरीच्या खांद्यावर टाकला. मॅडमकडं वळून म्हणलं, "मॅडम, हे वाक्य परत बोलायचं नाय. मला नाय, हिला नाय, कुणालाच नाय."

आवाज चढवला नव्हता.

पोरीच्या आईनं पर्स उचलली. म्हणली, "आम्ही दुसरीकडं बघतो." गेल्या सगळ्या. पोरीनं मागं वळून बघितलं नाय. मला कुणी शाबासकी दिली नाय.

संध्याकाळी केबिनमध्ये बोलावणं आलं. शेठ, मॅडम, शीतल आणि मी. शेठ चिडलेले नव्हते. त्याचीच जास्त भीती वाटली.

"धंद्याची गोष्ट असते. मनावर नाही घ्यायची," ते म्हणले.

"गिऱ्हाईक घालवलं हिनं," मॅडम म्हणल्या. "सगळ्यांसमोर मला बोलली. शीतलला विचारा, ती तिथंच होती."

शेठ शीतलकडं वळले. "शीतल, मजला उद्यापासून तू बघायचास. आता सांग, हिनं गिऱ्हाइकासमोर उद्धटपणा केला का?"

ती फरशीकडं बघत होती. कपाळावर टिकली तशीच.

"हौ सेठजी. करी."

माझ्या डोक्यात आग गेली. पण तिच्याकडं बघितलं आणि राग धरता येईना. टिकली जशी तिची नव्हती, तसा तो शब्द पण तिचा नव्हता. दोन्ही तिच्यावर बाहेरून चिकटवलेलं. इतकी वर्षं आम्ही दोघी एकमेकींशी भांडत होतो, आणि भांडण लावणारी माणसं टेबलाच्या पलीकडं बसून आम्हाला धंद्याची गोष्ट शिकवत होती.

शेठ मला म्हणले, "चल, मॅडमची माफी माग. उद्यापासून खाली गोडाऊनला. घड्या घालायच्या, वर यायचं नाही. नोकरी कुणी काढून घेत नाही तुझी."

नवऱ्याचा ब्रेक आठवला. पोरीची फी आठवली. जिभेवर 'बरं' आलंच होतं. जन्मभर तेच येत होतं.

"नाय," मी म्हणलं.

"काय नाही?"

"माफी नाय. गोडाऊन पण नाय."

"मग घरी बस."

"घरी पण नाय बसणार. मला काढायचं असंल तर वर मजल्यावर उभं राहून काढा. सगळ्या स्टाफसमोर सांगा, हिचा रंग काळा हाय म्हणून हिला काढतो. मॅडमनी गिऱ्हाइकासमोर सांगितलंच की. तुम्ही स्टाफसमोर सांगा. मग जाते."

शेठनी मॅडमकडं बघितलं. मॅडम कॅमेऱ्याच्या पडद्याकडं बघत बसल्या. शेठ म्हणले, "बघू उद्या."

मागच्या जिन्यात शीतल बुरखा चढवत होती. माझ्याकडं न बघता म्हणली, "क्या करूं ताई. मियां बीमार हैं, घर में बच्चे हैं. मेरेकू माफ कर."

"मला माहीत हाय, शाहीन," मी म्हणलं.

इतक्या वर्षांत तिचं नाव मी पहिल्यांदा घेतलं. तिनं दचकून वर कॅमेऱ्याकडं बघितलं.

"यहां नक्को," म्हणली आणि उतरून गेली.

ते 'बघू उद्या' अजून चालूच हाय. मी रोज जाते. मला गिऱ्हाईक देत नायत. खांबाजवळ उभं करतात, दिवसभर. स्टाफमधलं कुणी बोलत नाय. बोललं तर त्याला केबिनमध्ये बोलावणं येतं. शाहीन इन्चार्ज झाली, पण अजून शीतलच हाय. मॅडमचे हुकूम ती माझ्यापर्यंत आणून देती आणि देताना फरशीकडं बघती. पाय सुजतात. रात्री वाटतं, उद्या नको जायला. दुसरीकडं बघावं. पण दुसरं दुकान पण कुणाच्या तरी घरचंच असणार. आणि मी गेले, की हे म्हणणार, बघा, स्वतःच सोडून गेली.

त्यांना तेच पाहिजे. मी दमून, कारण न विचारता, मुकाट निघून जायला पाहिजे. आमच्या वस्तीतली माणसं आजवर तशीच निघून जात आली.

मी जाणार नाय. माफी मागणार नाय. ते वाक्य त्या मजल्यावर परत कुणाला बोललं गेलं, नवरीला, कामावरच्या बाईला, कुणालाही, तर मी खांबाजवळून तिथंच, गिऱ्हाइकासमोर बोलणार. मला काढायचं असंल तर त्यांनी काढावं. पण तोंडानं कारण सांगून. मोठ्यानं. चार माणसांना ऐकू जाईल असं.