कौन्सिलचं विचारणाऱ्या सिस्टर

अंबरनाथच्या कारखान्यात बाबांचं बोट मशीनमध्ये सापडलं, तेव्हा मी नुकतीच बारावी झाले होते. ड्रेसिंगसाठी मी त्यांना बदलापूरहून उल्हासनगरच्या सरकारी हॉस्पिटलात घेऊन जायचे. तिथल्या सिस्टर ठेंगण्या होत्या, आवाज खणखणीत. भाजीच्या भावांवर बोलता बोलता त्या पट्टी कधी बदलायच्या, ते बाबांना कळायचंही नाही.

एकदा बाबा कौतुकानं म्हणाले, "हिलाही नर्स व्हायचंय. इथं जवळच एका खासगी क्लासात वर्षाचा कोर्स आहे, त्याला घालतोय."

सिस्टरांनी हात धुतले, माझ्याकडून त्या कोर्सचं माहितीपत्रक घेतलं आणि पुढून-मागून वाचलं.

"नर्सिंग कौन्सिलची मान्यता कुठं लिहिलीय?"

मी वाकून पत्रकात शोधलं; कुठंच नव्हती.

"ती नसेल तर नर्स म्हणून तुझी नोंदणीच होणार नाही. दुसऱ्याच्या जखमेला हात लावायचा, तर तो हक्क कमावून लाव, बाळ. चार वर्षांच्या डिग्रीला जा."

तिथून आम्ही त्या क्लासवर गेलो. मी मान्यतेचं विचारलं, तर तिथला माणूस हसला. "कौन्सिल को क्या करना है? नौकरी हम लगाएंगे."

"चला बाबा," मी म्हणाले.

त्या वर्षीचे प्रवेश संपले होते. वर्ष फुकट घालवलं म्हणून नातेवाईक बोलले. पुढच्या वर्षी मान्यता असलेल्या कॉलेजात मला डिग्रीला प्रवेश मिळाला. पेढे घेऊन गेले, तर सिस्टरांची बदली झालेली. नाव विचारायचं राहूनच गेलं. पेढे मी वॉर्डातच वाटले.

"सिस्टर, इकडे पण द्या," एक आजोबा म्हणाले.

"अजून सिस्टर नाही, आजोबा," मी म्हणाले. "चार वर्षांनी म्हणा."